सरूबाईला शिकवलेलं इंग्रजी

पुस्तकातून उतरवून आणलेलं वाक्य मला खपत नसे. अंधेरीच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मी वीस वर्षं एकच हट्ट चालवला: वाक्य आपल्या घरातलं हवं आणि खरं हवं. १९७० च्या जानेवारीत अकरावीला ‘गिव्ह अप’ शिकवलं. सवय सोडणे, प्रयत्न सोडणे, आशा सोडणे, असे तिन्ही अर्थ फळ्यावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी वह्यांतल्या वाक्यांत निम्म्या वर्गाच्या बापांनी विडी सोडली होती.

जयाच्या वहीत मात्र एवढंच होतं: ‘माय मदर डज नॉट गिव्ह अप.’ मी शेरा मारला, ‘काय सोडत नाही, ते लिही.’ तिनं खाली लिहून आणलं, ‘माय फादर.’

जया वेसाव्याच्या कोळ्याची मुलगी. तिचा बाप चंदर आदल्या वैशाखात होडीसकट दर्यात गेला. बरोबरच्या दोघांच्या बायकांनी बांगड्या उतरवल्या. जयाच्या आईनं, सरूबाईनं, उतरवल्या नाहीत. रोज दुपारी होड्या परतायच्या वेळी ती नवऱ्यासाठी तांदळाची भाकर फडक्यात बांधून किनाऱ्यावर बसे. शेवटची होडी रिकामी झाली की भाकर शेजारच्या म्हातारीला देऊन टाकी. स्वतः कधी खात नसे. मासळीची पाटी जयाच्या डोक्यावर आली होती. पोर तीन दिवस बाजारात, तीन दिवस वर्गात, आणि मॅट्रिकची परीक्षा तोंडावर. माझं डोकंच फिरलं.

तडक वेसाव्याला गेलो. सरूबाई वाळूत बसली होती, मांडीवर ते फडकं.

“मास्तर, पोरगी नापास झाली काय?”

“होईल. तुझ्यामुळे होईल. आठ महिने झाले, सरूबाई. चंदर येणार नाही. सोड आता.”

 ती म्हणाली, “सगली हेच बोलतान. पन तुमी शिकलेले. तुमी सांगा, खरंच नाय येनार?”

“नाही,” मी ठणकावून सांगितलं. मला दर्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिनं फडक्याची गाठ सोडली. भाकरीचा तुकडा मोडला आणि आठ महिन्यांत प्रथमच तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी बांगड्या उतरल्या. पाटी तिनं आपल्या डोक्यावर घेतली, जया रोज वर्गात दिसू लागली. हा पराक्रम मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगितला.

सरूबाई मात्र बाजारातून आली की भिंतीकडे तोंड करून पडे. किनाऱ्याकडे फिरकेना. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. आजार काही सापडेना. जयाचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी सरूबाई गेली. प्रेताला मी गेलो होतो. लाज वाटत होती, पण गेलो.

निकालाच्या दिवशी जया गुणपत्रिका घेऊन आली. इंग्रजीत वर्गात पहिली. पाठ थोपटायला मी हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

“सर, ‘गिव्ह अप’ आमाला शिकवलंत, ते बरं केलंत,” ती म्हणाली. “माज्या आयला कशाला शिकवलंत?”