हार्डडिस्कला चढवलेलं मखमली कव्हर

काल परळीत आमच्या फोटो स्टुडिओत जे झालं, ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात अन्न जाणार नाही... म्हणून स्वयंपाक बाजूला ठेवून लिहितेय!

सकाळी आम्ही शटर उघडतोय तोच पारूबाई दारात. त्यांच्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने केलं होतं. पारूबाई स्वतः मात्र त्या दिवशी पाय मोडून अंबाजोगाईच्या दवाखान्यात... लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायला आईच नव्हती.

"बाई, दुपारी मुकादमाचा ट्रक यायलाय. आमी ऊसतोडीला निघालो. एडिटिंग-बिडिटिंग राहू द्या, हाय तसं फोनमधी टाका. तिथं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बसून बघीन."

मी हार्डडिस्क लावली, कॉपी सुरू केली... आणि थोड्या वेळात स्क्रीनवरून डिस्कच गायब! पुन्हा लावली, पुन्हा गायब. केबल बदलली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, वैजनाथाचं नाव घेतलं. काही उपयोग नाही.

त्या लग्नाची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मेमरी कार्डं केव्हाच पुसून पुढच्या लग्नांना वापरली होती.

"कावून बंद पडायलंय ओ?" पारूबाईंनी हळूच विचारलं.

डिस्क काढायला केबलपाशी हात लावला आणि चटकाच बसला. तव्यासारखी तापलेली! तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या अंगावरच्या कपड्यांकडे गेलं.

परळीकरांना हे वेगळं सांगायला नको. थर्मल वीजकेंद्राची राख कुठे जाऊन बसेल, नेम नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला टोपी, रिमोटला प्लास्टिक... झाकाझाकी आमच्या अंगवळणीच पडलीय. पण आमच्या साहेबांनी, म्हणजे नवऱ्याने, गेल्या आठवड्यात कहर केला. हार्डडिस्कला आधी पिशवी, वरून चिकटपट्टी, आणि त्यावर अल्बमच्या पेट्यांमधलं उरलेलं मखमल शिवून केलेलं कव्हर! केबलपुरतं तेवढं तोंड उघडं. राख गेली की डिस्क उडते, म्हणे.

अहो, उडते, पण अशी उकडून काढल्यावर! आत तबकडी गरगर फिरते आणि वाचणारं हेड तिला न शिवता अगदी जवळून तरंगत असतं. उष्णता, धक्का, सारखी थरथर, मध्येच गेलेली लाइट... यानेच बऱ्याचदा तिचा जीव जातो. राख आत जायला वाटच नसते. हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यालाही आतून फिल्टर. शेजारी 'हे झाकू नका' असं इंग्रजीत छापलेलं... आणि नेमकी त्याच्यावर यांची दुहेरी चिकटपट्टी!

मी कात्री घेतली आणि सगळा थाटमाट टराटरा कापून काढला. डिस्क चांगली गार होऊ दिली, मग समोर टेबलफॅन लावला. टेबलाला कुणाचा धक्का लागला तर घरी जेवण मिळणार नाही, असा दमही भरला.

आणि चालली हो, चालली!!! हिरवी पट्टी पुढे पुढे सरकत होती आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या उड्या मारत होते. शेवटची फाइल उतरली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा टेलर कैची घेऊनच धावत आला.

व्हिडिओ नीट आलाय का बघायला मधलाच एक तुकडा लावला. हळदीने पिवळी झालेली लेक पाटावर बसलेली. कुणीतरी तिला घास भरवत होतं. तिने हाताने थांबवलं, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "आये, जेवलीस का गं?"

मला हे माहीतच नव्हतं. एडिटिंगला अजून हातच लावला नव्हता ना...

पारूबाई बाकावरून उठल्या. लंगडत स्क्रीनपाशी आल्या, पदराने काचेवरची धूळ पुसली.

"जेवले गं माय," त्या लेकीला म्हणाल्या. "तू खा आता."

नवरा पाठ फिरवून कॅमेऱ्याची बॅग आवरायला लागला. मीही कीबोर्डकडे बघत बसले.

ट्रक यायच्या आत सगळं शूटिंग पारूबाईंच्या फोनमध्ये टाकून दिलं. दुपारीच नवीन डिस्क आणली आणि सगळ्या लग्नांची दुसरी कॉपी करायला घेतली. तुम्हीही करा, आजच करा... आणि त्या जुन्या डिस्कचे खरंच आभार. एवढा जाच सोसूनही तिने एका आईला तिच्या लेकीशी बोलू दिलं.