कांताबेनच्या दारात

मोंबासाची बोट पकडायला निघाले तेव्हा घाटकोपरच्या आपल्या चाळीतले सगळे गॅलरीत उभे होते. समोरचं दार तेवढं बंद होतं, कांताबेनचं. आणि तू तुरुंगात होतास, वसंता. आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि हळूच म्हणाली, "त्या दाराकडे बघू नको गं. निघताना डोळ्यांत पाणी नको." मी बघितलंच.

इथे नैरोबीत आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो. ह्यांची नोकरी बरी आहे, हवा थंड आहे. पण आजूबाजूला सगळे गुजराती. कोपऱ्यावरचं दुकान, इथे त्याला 'दुका' म्हणतात, तेही गुजरात्याचंच. ज्यांच्यासमोर मान वर करता येत नव्हती, समुद्र ओलांडून त्यांच्यातच येऊन पडले. मला बघितलं की प्रेमाने "आवो बेन" म्हणतात. मी कोणाची बहीण, हे त्यांना ठाऊक नाही.

तुझी वक्तृत्व स्पर्धा असली की कांताबेन खालच्या त्यांच्या किराणा दुकानातून ज्येष्ठमध घेऊन यायच्या. "वसंत, हे तोंडात ठेव ना. आवाज एकदम झकास होईल." बाबा घड्याळ लावून तुझं भाषण पाठ करून घ्यायचे. बक्षीस मिळालं की त्यांचे यजमान मगनभाई गिऱ्हाइकांना पेढे वाटायचे, जसा काही त्यांचाच मुलगा. तू गॅलरीत त्यांच्या मराठीची नक्कल करायचास आणि ते स्वतः पोट धरून हसायचे. त्यात काही वाईट नव्हतं, असं मला अजून वाटतं.

मग चळवळीचे पुढारी म्हणून आपल्या भागात भाऊसाहेब आले. मुंबई आपल्या राज्यात हवी, हे आपल्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. मलाही. पण भाऊसाहेबांनी तुझा आवाज हेरला. चहा पाजला, व्यासपीठावर खुर्ची दिली, 'आमची मुलूखमैदान तोफ' म्हणून पाठ थोपटली. परीक्षेत नापास होऊन घरी बसलेल्या पोराला आणखी काय हवं असतं? तीच नक्कल तू मैदानात केलीस. लोक हसले, पण ते गॅलरीतलं हसणं नव्हतं. आई घरी आल्यावर म्हणाली, "अहो, आवरा ना त्याला." बाबा म्हणाले, "नाव काढतोय पोरगा, काढू दे."

पुढच्या सभेतूनच लोक उठून दुकानावर गेले. मगनभाई जळत्या दुकानात देवाची तसबीर काढायला शिरले. ते इस्पितळातून परत आलेच नाहीत. आग तू लावली नव्हतीस, हे कोर्टानेही मान्य केलं. पण "चला" असं ओरडला होतास तूच. भाऊसाहेब तोवर मोटारीत बसून निघून गेले होते. अजून त्यांच्या गळ्यात हार पडतात म्हणे.

बाबा सगळ्यांना सांगतात, "पोराला कुणीतरी बिघडवलं." मला संताप येतो. कुणीतरी म्हणजे कोण? भाऊसाहेब तर आहेतच. टाळ्या पिटणारी सगळी चाळ आहे, कौतुकाने आंधळे झालेले बाबा आहेत. पण तूही काही कुकुलं बाळ नव्हतास रे. तुझ्या वाट्याचं ओझं दुसरं कुणी उचलणार नाही. हे लिहिताना जीव तुटतो, कारण तू मला अजून हवा आहेस.

परवा माझा घसा बसला. शेजारच्या सविताबेन ज्येष्ठमध घेऊन आल्या. तोंडात धरला आणि मला रडू आवरेना. त्यांना वाटलं, माहेर आठवलं. खोटं नव्हतं ते.

तू सुटून आलास, असं आईकडून कळलं. ह्यांच्या पुढच्या रजेत आम्ही येतोय. मला घ्यायला धक्क्यावर ये. चाळीत पोचलो की आपल्या घरात शिरायच्या आधी समोर जायचं. कांताबेन दार उघडतील की नाही, देव जाणे. नाही उघडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ. त्या दारात उभं राहिल्याशिवाय मला आपल्या घरात पाऊल टाकवणार नाही. तू फक्त माझ्या शेजारी उभा राहा. आणि वसंता, तिथे काही बोलू नकोस.