उदबत्ती लावून तपासलेली खिडकी

घाटकोपरच्या रतन गवईने आजवर हजारभर खिडक्या बसवल्या असतील. गेली दोन वर्षं मात्र त्याला कमी ऐकू येत होतं. ॲल्युमिनियम कापायच्या मशीनपाशी तीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? पण त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. आवाज अडवणाऱ्या खिडक्या बसवणारा मिस्त्रीच बहिरा, हे कळल्यावर काम कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. कारखान्यात तसेही सगळे ओरडूनच बोलत, म्हणून निभावत होतं.

मुलुंडच्या माधुरी सबनीस या निवृत्त शिक्षिका. घरासमोर पुलाचं काम निघालं आणि त्यांची झोप उडाली. त्यांना जुन्यासारख्याच सरकत्या खिडक्या हव्या होत्या, फक्त डबल काचेच्या. रतनने त्यांना स्पष्ट सांगितलं, की खिडकी सरकायची तर फट लागते आणि आवाजाला तेवढी फट पुरते. त्यापेक्षा दारासारख्या उघडणाऱ्या घ्या, रबर घट्ट दाबून बसतं. गिऱ्हाइकाला हवं ते देऊन मोकळं होणाऱ्यांतला तो नव्हता. बाईंना पटलं. त्यांच्या खिडक्या कशा होतात याकडे बिल्डिंगमधली आणखी बारा घरं डोळे लावून बसली होती. रतनच्या दृष्टीने ते वर्षभराचं काम होतं.

चारही खिडक्या बसल्या. बाईंनी हॉलमधली बंद केली आणि त्यांचा चेहरा उजळला. एकदम छान झालं म्हणत त्या चहा टाकायला गेल्या. रतनने पिशवीतून उदबत्ती काढली. पूर्वी तो कान लावून फट शोधायचा, आता धूर पाहून शोधत होता. तीन खिडक्यांपाशी धूर सरळ वर गेला. बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र तो थरथरला. त्याने सिलिकॉन भरलं, पंखा बंद करून पाहिलं, तरी तेच. आत आवाज येतोय की नाही, हे आता कानच सांगू शकत होता.

मुकाट्याने चहा पिऊन निघून जाता आलं असतं. बाई खूश होत्या, त्यांना ते इतक्यात कळलंही नसतं. पण आपल्या हातची खिडकी गळकी असू शकते हे माहीत असून जिना उतरणं त्याला जमेना.

"बाई, मला ऐकू कमी येतं," तो म्हणाला. "इथे जरा कान लावून सांगाल का?"

माधुरीबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि म्हणाल्या, बारीक शिट्टी वाजतेय. जुनी भिंत तिरकी होती. स्क्रू आवळताना चौकट तिच्याबरोबर ओढली गेली होती. रतनने अख्खी चौकट उतरवली, मागे पट्ट्या घालून सरळ केली आणि पुन्हा बसवली. संध्याकाळ झाली. बाई मधूनमधून येऊन कान लावायच्या आणि अजून येतेय म्हणून मान हलवायच्या. शेवटी त्या कान लावून उठल्या आणि निवांत पलंगावर टेकल्या, तेव्हा शिट्टी थांबल्याचं त्याला कळलं.

निघताना बाईंनी त्याला बाकीच्या घरांची मापं घ्यायला रविवारी बोलावलं. ऐकायला कोणीतरी बरोबर आणा, एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "घरी सांगितलंय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग आधी घरी सांगा."

घरी बायको, चंपा, भाकऱ्या थापत होती. रतन मोरीवर हातपाय धुऊन आला आणि त्याने एकदाचं बोलून टाकलं. चंपाने गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच ठेवून ती त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "मी तुमच्याशी अशी समोर बसूनच बोलते. तुमच्या ध्यानात नाही आलं?"