रुमालाखालची जागा

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. ज्या कागदावर सही-शिक्का नाही तो कागद मी कधी खरा धरला नाही. घरात गोष्टी रंगवून सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे हे कबूल, पण त्या गोष्टींत फजिती नेहमी दुसऱ्याची असते. ही माझी स्वतःची आहे, म्हणून रंगवत नाही. झालं तसं लिहितो.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी नुकताच रिटायर झालो होतो आणि घरात नेमकं कुठे बसावं ते मला कळत नव्हतं. स्वयंपाकघरात डोकावलं की सौ. म्हणायची, "अहो, आमटीत पाणी किती घालायचं ते मला ठाऊक आहे. तुमची कचेरी नाही ही."

अशा दिवसांत मला आमच्या सोलापुरातल्या एका फुकटच्या सुखाचा शोध लागला. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा तळ्याजवळच्या बागेत बँड वाजायचा. मधोमध गोल चबुतरा, त्यावर गणवेशातले वादक, पितळेची चकचकीत वाद्यं आणि भोवती लोखंडी बाकं. ना तिकीट, ना पास! ऐकणारे निम्मेअधिक गिरणीतून निवृत्त झालेले. ही मंडळी चारपासून येऊन जागा धरायची. जागा धरायची म्हणजे बाकावर रुमाल टाकायचा. रुमालाच्या जागी दुसऱ्यानं बसायचं नाही, एवढा एकच कायदा.

तो कायदा मी मोडला.

त्या शनिवारी माझी धाकटी, कुसुम, सासरी निघायची होती. जावई भिलाईला नोकरीला. साडेसातची गाडी. एकदा गेली की वर्ष-दीड वर्ष तोंड दिसायचं नाही. घरात सकाळपासून ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आणि डोळ्यांना पदर. मला रडारड सोसत नाही. म्हणजे दुसऱ्यांची सोसते, माझी सोसत नाही. म्हणून पाचच्या सुमाराला मी हळूच चपला शोधायला लागलो.

"बाबा, आजसुद्धा बँड?" कुसुमनं विचारलं.

"अर्धा तास बसतो नि येतो. तुला गाडीत मीच बसवणार. खिडकी धरून देणार."

"नक्की ना?"

"म्हणजे काय!"

आतून सौ. म्हणाली, "साडेसहापर्यंत आला नाहीत तर आम्ही टांगा करून निघू. तुम्हाला काय, बँडवाले पोचवतील."

बागेत गेलो तर बाकं भरलेली. पुढच्या ओळीत एका बाकाच्या टोकाला तेवढी जागा होती, तिच्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल. हा रुमाल मी दर शनिवारी बघत होतो, पण तिथे येऊन बसलेलं मात्र कोणाला बघितलं नव्हतं. माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटलं, अर्जदार हजर नाही, अर्ज निकाली. रुमाल उचलला, मांडीवर ठेवला आणि बसलो.

पहिल्या दोन चिजा झकास झाल्या. पावणेसहाला उठायचं ठरवलं.

उठलो नाही.

आता हे कसं सांगावं... पायाला मुंग्या आल्या नव्हत्या. अंगठे हलत होते, मान वळत होती, कुठे दुखतही नव्हतं. फक्त उठणं माझ्याकडून होईना. दोन्ही हात बाकावर टेकून जोर लावला. तरी मी आपला तिथेच. आणि एक विचार मनात येऊन बसला, जो माझा नव्हता — 'अजून जाता येत नाही. तो आलेला नाही.' कोण तो? मला काय माहीत!

हसू आलं. मग घाम आला.

सहा वाजले. शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "जरा हात देता का?" त्यांनी ओढलं. मागच्या बाकावरचे एकजण धावले, त्यांनीही ओढलं. सदऱ्याची शिवण उसवली, मी हललो नाही. "वाताचा त्रास दिसतोय," एवढा निकाल देऊन दोघं पुन्हा बँड ऐकू लागले.

तेवढ्यात माझं लक्ष मांडीवर गेलं. माझा डावा हात आपल्या आपण काम करत होता. रुमालाच्या काठाचे सुटलेले दोरे अंगठ्यानं नि बोटानं धरायचा, फिरवायचा, गाठ मारायचा. पुढचा दोरा. पुन्हा गाठ. मला उजव्या हातानंही सदऱ्याचं बटण धड शिवता येत नाही! हात मागे घेतला की परत तिथेच जायचा.

साडेसहाला राष्ट्रगीत सुरू झालं. सगळी बाग उभी राहिली आणि बत्तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला मी एकटा बसलेला! आजूबाजूच्या माना वळल्या. "लाज नाही," कुणीतरी दात आवळून म्हणालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांना वाटलं असेल पश्चात्ताप झाला. मला दिसत होता आमच्या दारातून निघालेला टांगा.

बँड गेला, माणसं पांगली. ऊन उतरलं होतं. बागेचा माळी बाबू झारी घेऊन आला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"सायेब, तुमी हितं कशापायी बसला? रुमाल दिसला न्हाय व्हय?"

"बाबू, मला उठता येत नाही. पोरीची गाडी आहे रे."

तो हसला नाही. उलट झारी खाली ठेवली. "रुमाल सिद्रामप्पाचा हाय. गिरणीतला विणकर. चैतात ह्याच जागी बसल्या बसल्या गेला. कुनी बसू नये म्हून मीच टाकतो दर शनवारी." माझ्या हाताकडे बघून तो दोन पावलं मागे सरला. "थांबा. अंबादासअण्णाला आनतो. त्येच्याबिगर हे सुटायचं न्हाय."

आणि सायकलवर टांग टाकून गेला. रिकाम्या बागेत मी आणि माझा डावा हात.

पंधराएक मिनिटांनी बाबूच्या सायकलवर मागे बसून एक वाळकेसे, धोतर नेसलेले म्हातारे आले. लांबच उभे राहिले.

"मी नाही येत पुढं," ते बाबूला म्हणाले. "सहा महिने झाले, या बागेत पाय नाही टाकला."

"अण्णा, सायेबांची पोरगी चालली की सासरी!"

ते जवळ आले. माझी बोटं बघितली आणि गाठ जवळून बघायला खाली बसले.

"अय्यो... ही गाठ त्याचीच. आमच्या खात्यात डाव्या हातानं गाठ मारणारा एकटाच होता तो." मग माझ्याकडे न बघताच बोलू लागले. "बावीस वर्षं आमचा माग एकच, भाऊसाहेब. पहिली पाळी त्याची, दुसरी माझी. मी खांद्यावर हात ठेवून 'सूट' म्हणेपर्यंत तो माग सोडायचा नाही. भोंगा होऊन गेला तरी नाही. इथंपण तेच. चारला येऊन जागा धरायचा. मी येऊन 'सूट' म्हटलं की मला बसवून चहाला जायचा. थट्टाच होती ती आमची. त्या शनिवारी घरी पाहुणे आले. म्हटलं, एक दिवस नाही गेलो तर काय होतंय..."



"अण्णा," मी म्हटलं, "आता म्हणा की."

ते उठले. हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "सूट, सिद्राम. मी आलोय. जा तू."

मी उभा होतो! उठल्याचं आठवत नाही, उभा होतो एवढं खरं. अंबादासअण्णा माझ्या जागी बसले. रुमाल त्यांच्या हातात देऊन मी धावत सुटलो.

स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डनं हिरवा दिवा दाखवला होता. खिडकी धरून द्यायची राहिली. ती भलत्याच कुणीतरी धरून दिली होती. गाडी हलता हलता गज पकडून चार पावलं धावलो.

उसवलेल्या सदऱ्याकडे बघत कुसुम म्हणाली, "बाबा, बँड चांगला झाला का?"

मग मात्र मी जो रडलो, त्याची आठवण सौ. अजून पाहुण्यांसमोर काढते.

पुढच्या शनिवारी बागेत गेलो. निळा रुमाल नव्हता. तिथे अंबादासअण्णा बसले होते. मी भीतभीत विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला... उठता आलं?"

"लगेच आलं," ते म्हणाले. "दोनदा उठून बघितलं. तेच वाईट वाटलं हो. गेला तो."

डॉक्टर म्हणतात, नसेवर नस चढली असेल. सौ. म्हणते, पोरीला निरोप द्यायची हिंमत नव्हती, म्हणून तुमचे पाय अडून बसले. तिचं बोलणं मला अर्धंअधिक पटतंसुद्धा. पण रुमालाच्या काठावर सात गाठी आहेत. अण्णांनी तो जपून ठेवलाय. घरी मी डाव्या हातानं तशी गाठ मारायला शंभर वेळा बसलो असेन. एकदाही जमली नाही.

हल्ली दर शनिवारी आम्ही दोघं शेजारी बसतो. बँड संपत आला की मी अण्णांना म्हणतो, "हात ठेवा." ते हसतात, पण ठेवतात.

त्याशिवाय मी उठायचा प्रयत्न अजून करून बघितलेला नाही.