तिसऱ्या पायरीच्या नंदाताई

मार्च २००६, सोमवार. दौंड, दूध संस्थेचं कार्यालय. हजर: चेअरमन आप्पा, आमच्या शिरूरच्या ऑफिसातून टेस्टर नंदाताई, प्रोग्रामर सचिन आणि मी. गैरहजर: वीज. ती चहानंतर आली.

नंदाताई मूळच्या यवतच्या. दारात कोणीही उभं राहिलं की आधी विचारायच्या, "पाव्हणं कुणाचं?" मी रुजू झाले त्या दिवशी मलाही विचारलं. माझे कोरेगावचे मामा त्यांच्या नणंदेच्या ओळखीचे निघाले, तेव्हा कुठे मला खुर्ची मिळाली.

सॉफ्टवेअरलाही त्यांचा हाच प्रश्न. आमचं सॉफ्टवेअर दुधाचा हिशेब इंटरनेटवरून बँकेला पाठवणार होतं. समोरची साइट खरंच बँकेची आहे का, हे तिच्या प्रमाणपत्रावरून कळतं. आणि त्या प्रमाणपत्रामागे उभं असलेलं मूळ नाव विंडोजच्या विश्वासू नावांच्या यादीत असावं लागतं. "म्हंजी सोयरीकच की," नंदाताई म्हणायच्या. "पोरगं मागनं बघायचं, आधी मधला माणूस कोण ते बघायचं."

त्यांच्या चाचणीच्या पायऱ्या ठरलेल्या. एका खोट्या नावाने प्रमाणपत्र बनवायचं. सॉफ्टवेअरने ते नाकारलं पाहिजे. मग ते नाव यादीत घालायचं. आता स्वीकारलं पाहिजे. शेवटी नाव काढायचं. पुन्हा नाकारलं पाहिजे. शिरूरला तिसऱ्या पायरीवर सॉफ्टवेअर सपशेल आपटलं होतं. एकदा वाचलेली यादीच धरून बसलं होतं. "सचिन, हाकललेला पाव्हणा अजून पंगतीत जिलेबी खातोय रं!" सचिनने दुरुस्ती केली. आता आप्पांसमोर सगळं जमलं तरच ऑर्डर, आणि ऑर्डर गेली तर आमच्या ऑफिसला कुलूप.

मान राखायला म्हणून नंदाताईंनी खोटं नाव आप्पांचंच घेतलं. पहिली पायरी: नकार.

"माझ्याच हापिसात मला न्हाई म्हन्तंय?"

दुसरी: नाव यादीत गेलं, हिरवी खूण आली. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर-खाली जगातल्या बड्या कंपन्या, मधे आप्पा! शिपायाला बोलावून दाखवलं, त्यालाच पेढे आणायला पिटाळलं.

"आता काढते हं, आप्पा."

"काय काढताय?"

"तुमचं नाव."

"हात लावायचा न्हाई!"

मी टेबलाखालून नंदाताईंचा पाय दाबला: सही घ्या आणि चला. त्यांनी पाय काढून घेतला. "तिसरी पायरी झाल्याबिगर मी पास म्हणणार न्हाई. पैसा तुमच्याच लोकांचा हाय."

"मग ऱ्हाऊ द्या समदंच!"

नंदाताईंनी शिपायाने आणलेला पेढा संपवला, खुडखुड काहीतरी टाइप केलं आणि पडदा आप्पांकडे वळवला. यादीत तात्यांचं नाव होतं. तात्या म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, विरोधी पॅनेलचे पुढारी. हिरवी खूण त्यांनाही मिळाली होती.

"ह्यो कुठनं आला? काढा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"परवानगी हाय न्हवं?"

"काढा म्हन्तो ना!"

काढलं. सॉफ्टवेअरने तात्यांना ठणठणीत नकार दिला. आप्पांनी टाळीच वाजवली आणि त्याच हाताने सही ठोकली. परतीच्या एसटीत आम्ही इतके हसलो की कंडक्टरने तिकिटं दोनदा मागितली.

निघण्याआधी नंदाताईंनी आप्पांच्या नावाची गुप्त किल्ली पुसून टाकली होती. त्या नावावर पुढे कोणाला खोटं प्रमाणपत्र बनवता येणार नव्हतं. यादीत नाव तेवढं उरलं. पुढच्या प्रत्येक फेरीत त्या विचारायच्या, "आप्पा, आज काढू?"

"फुडच्या बारीला, ताई."

मग नंदाताई लेकीकडे नाशिकला गेल्या. जाताना उरलेली कामं माझ्या यादीत उतरवून दिली. एकेक करून मी त्यांवर काट मारली. एक तेवढं बाकी आहे: दौंड, आप्पांना काढणे.