दोनमिनिट्यांचा बिनविस्तवाचा बेत

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की दोनमिनिटे आधी हवा हुंगतात, मग नमस्कार करतात. पाहुणे म्हणून गेले तरी निघताना स्वयंपाकघरात डोकावून शेगडीची बटणं बघतात. खिशात रुमाल नसतो, पण शेगडीच्या बारीक भोकांतला कचरा काढायची पिन असते. तिनेच दात कोरतात. चहाचा शेवटचा घोट कपात ठेवतात. शब्दकोड्यातला एक शब्द सोडून पेपरची घडी घालतात. गोष्ट रंगात आली आणि शेवट जवळ आला की त्यांना हमखास काहीतरी आठवतं आणि ते उठून जातात. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच. "दोन मिनिटं."

दोनमिनिटे हे त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीने ते बहाल केलं आणि त्यांनी ते कौतुकाने स्वीकारलं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर असायला हवं होतं. पाटीवर पहिली तीनच अक्षरं रंगवलेली आहेत.

ते शेगड्या दुरुस्त करतात. आमच्या भागातल्या बहुतेक शेगड्या त्यांच्या कृपेने निळ्या ज्योतीने जळतात. लोकांच्या घरी कामाला हात घातला की काम फत्ते. स्वतःच्या घरी त्याच हातांना काय होतं, हे शास्त्राला उलगडायचं आहे. न्हाणीघराच्या दाराला मूठ फक्त आतून आहे. बैठकीची भिंत हात पोहोचेल तिथवर हिरवी आणि पुढे मूळच्या रंगाची. दारावरच्या घंटीच्या दोन वायरी लोंबतात. पाहुण्याने त्या एकमेकींना टेकवायच्या, की आत घंटी वाजते आणि बाहेर ठिणगी उडते. मी समोरच्या खोलीत भाड्याने राहते. पहिल्या भेटीत मी ती ठिणगी उडवली आणि आमची मैत्री झाली. साहित्यात एम. ए. करून मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते, हे कळल्यावर ते मला "साहित्यिक" म्हणू लागले. माझ्यावर इतक्या वेळा हे बिरुद कुणी वाया घालवलेलं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरातली शेगडी साफ करायला म्हणून उघडली ती उघडीच राहिली. बर्नर खिडकीत, बटणं वाटीत, स्क्रू बशीत. वहिनींनी कितीतरी दिवस विजेच्या किटलीवर संसार केला. वहिनी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात. दिवसभर लोकांना "जेवणानंतर घ्या" असं सांगायचं आणि घरी जेवणाचाच पत्ता नाही. शेवटी त्या भावाकडे गेल्या. जाताना घरातली एकमेव चालू वस्तू घेऊन गेल्या. किटली.

जाताना दारात म्हणाल्या, "शेगडी पेटली की कळवा. मग बघू."

आता कुणीही सुज्ञ माणूस काय करेल? बर्नर बसवेल. दोनमिनिट्यांनी काय केलं?

तो प्रेमाचा म्हणून साजरा होणारा दिवस जवळ आला होता. दुकानं लाल बदामांनी भरली होती. बदामाचे फुगे, बदामाच्या उश्या, औषधाच्या दुकानातही बदामाच्या आकाराच्या गोळ्या. दोनमिनिटे या दिवसाला आजवर "रिकामटेकड्यांचा सण" म्हणत आले होते. पण त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाकडे ते शेगडी करायला गेले. शेगडी बंद म्हणून त्या बाईंनी संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी सगळे खारे-तिखट पदार्थ न शिजवता केले होते. त्यातला एक त्यांनी दोनमिनिट्यांना चाखायला दिला. तिथून ते थेट माझ्या दारात आले. चेहऱ्यावर साक्षात्कार.

"साहित्यिक, शेगडी लागतच नाही!"

"कशाला?"

"कशालाच! काकडी, चीज, टोमॅटो, पाव. कापायचं, भरायचं, मांडायचं. बोलावतो तिला."

"पण दादा, बर्नर बसवायला तुम्हाला कितीसा वेळ लागेल?"

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "पण मुद्दा तो नाही."

जन्मभर लोकांच्या चुली पेटवणारा माणूस विस्तवाशी फितुरी करताना मी प्रथमच पाहिला.

वहिनी यायला तयार झाल्या. फोन ठेवल्यावर दोनमिनिटे माझ्याकडे बघत राहिले. "रिकामी बॅग घेऊन येते म्हणाली. उरलेले कपडे न्यायला. भाऊ म्हणतो, कायमची राहा. तिकडच्या दुकानात जागाही आहे."

एवढं बोलून ते बाजारात गेले. ह्याला मनोधैर्य म्हणावं की काय म्हणावं, मला ठरवता आलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून ते राबत होते. थोडक्यात उरकणारं काम टाळायचं असेल तर माणूस केवढा घाम गाळू शकतो, ते मी दारात उभी राहून पाहिलं. आधी त्यांनी पत्र्याच्या कात्रीने पत्रा कापला आणि वाकवून पाव कापायचा साचा केला. बदाम करायला गेले, झालं इस्पिक.

"उलटं धर," ते म्हणाले.

"उलटं धरलं तरी देठ राहतोच."

"प्रेमाला देठ असतो. तुमच्या पुस्तकांत नाही का?"

इस्पिकाचे पाव तयार झाले. त्यांवर लोणी, लोण्यावर मुळ्याच्या चकत्या. मग काकड्या. जाड चकत्या करून त्या मधून कोरल्या आणि त्यांत मिरपूड घातलेलं चीज अंगठ्याने ठासलं. प्रत्येक चकती उलटी करून, कानाशी नेऊन, हलवून बघितली.

"गळती नाही," ते समाधानाने म्हणाले.

मग त्यांनी सगळ्यांवर सढळ हाताने मीठ भुरभुरलं. भर दुपारी. वहिनी यायच्या होत्या संध्याकाळी.

मिठाने काकडीला पाणी सुटतं, ही गोष्ट कळायला कुठलीच पदवी लागत नाही. मलाही ती ठाऊक नव्हती. दिवस मावळेपर्यंत ताटात तळं झालं. गावभरच्या गळत्या शोधणाऱ्या माणसाची प्रत्येक चकती गळत होती. पाव शेजारीच होते. त्यांनीही पाणी पिऊन घेतलं.

शेवटी छोटे टोमॅटो. पोकळ करून त्यांत लसूण घातलेलं घट्ट दही भरायचं होतं. हे मात्र सुरेख जमलं. एक टोमॅटो उरला. दही होतं, चमचा होता, मी हात पुढे केला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे तो."

"एकच तर आहे."

"राहू दे म्हटलं ना. दोन मिनिटं."

आवाज नेहमीचा नव्हता. मी चमचा खाली ठेवला.

दारात ठिणगी उडाली. घंटी वाजली. वहिनी आत आल्या, हातात बॅग. मी निघायला लागले तर म्हणाल्या, "तू बस गं. साक्षीदार असलेला बरा." मग स्वयंपाकघराकडे मान वळवून, "पेटली का?"

"आज तिची गरजच नाही!" दोनमिनिट्यांनी ताट पुढे केलं. "बघ तर खरं. सगळं बिनविस्तवाचं."

"म्हणजे दोन बर्नर बसवायचे नाहीत म्हणून हा एवढा घाट?"

"तू खाऊन तर बघ."

वहिनींनी एक काकडी उचलली. तिच्यातून पाणी टपकलं, थेट बॅगेवर. "मीठ कधी लावलंत?"

"दुपारी."

"तरीच. माझ्याआधी ह्याच रडून घेतायत." त्यांनी पाव उचलला. तो मधून लोंबला. "आणि हे काय? इस्पिक?"

"बदाम आहे."

"माझ्या नशिबाला इस्पिकच यायचं." पण खाल्लं त्यांनी. टोमॅटोही खाल्ला. मग बॅग घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

कपाटाचं दार वाजलं. ते दार नीट लागत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाजलं. हँगर सरकल्याचे आवाज येत होते. दोनमिनिटे ताटासमोर बसून होते. पिन काढून त्यांनी टेबलावरची भेग कोरायला घेतली. मी त्यांना काही सांगावं असं मला वाटत होतं. चांगली पाच वर्षं मी प्रेमावरचं साहित्य वाचलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्या टेबलावर ठेवण्यालायक नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. बॅग भरलेली होती. जाता जाता त्यांची नजर ताटावर पडली. "हा एक टोमॅटो रिकामा का?"

"दोन मिनिटं, भरतो..."

"नाही. भरू नका. ह्या 'दोन मिनिटां'वर माझं अर्धं आयुष्य गेलंय. आज खरं काय ते सांगा. का ठेवता तुम्ही प्रत्येक गोष्ट अशी?"

दोनमिनिट्यांनी दाराकडे पाहिलं. घंटी वाजेल, फोन येईल, काहीतरी आठवेल, म्हणून मीही वाट पाहिली. काही झालं नाही.

"लोकांकडे जातो ना," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "हातात पाना असतो तोवर सगळे बोलतात. बसा, पाणी घ्या, गुडघा कसा आहे. शेवटचा स्क्रू पिळला की म्हणतात, बरं, या मग. आणि दार लावून घेतात. काम संपलं की निघावं लागतं गं. कुठंही."

पंखा फिरत होता. त्याला जाळी नाही, त्यामुळे आवाज मोठा येतो.

"म्हणजे इतकी वर्षं मी गिऱ्हाईक होते?" वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही..."

"आणि मी गेले तेव्हा शेगडी उघडीच होती की! मग? चाललं तुमचं शास्त्र? काम तुमचं अर्धं, आणि निघावं लागलं मला!"

दोनमिनिट्यांनी मान हलवली. मान्य होतं त्यांना. हळूच म्हणाले, "म्हणून तर आज एकच अपुरा ठेवला. बाकी सगळं पुरं केलं."

पुरुषाने बायकोला थांबवण्यासाठी जगात काय काय म्हटलं असेल. त्यात एका टोमॅटोची सूट मागणारा हा पहिलाच असावा.

वहिनी हसल्या नाहीत. नाकातून जोरात हवा सोडली. बॅग दारात ठेवली, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मला चहा हवाय," त्या म्हणाल्या. "कडक आणि गरम. बघा बिनविस्तवाचा जमतोय का."

दोनमिनिटे उठले. बशीतले स्क्रू आले, वाटीतली बटणं आली. मी ताटं आवरून ओटा पुसेपर्यंत शेगडी ओळखीची दिसायला लागली होती. एक बर्नर बसला. नळीच्या जोडावर त्यांनी साबणाचा फेस लावला, वाकून बघितलं, हुंगलं. बुडबुडा नाही. काडी ओढली. निळी ज्योत उभी राहिली.

वहिनींनी भांडं ठेवलं. दोनमिनिट्यांनी खिडकीतला दुसरा बर्नर हातात घेतला. त्याची भोकं पिनेने साफ केली. फुंकर मारली. उजेडात धरून बघितला. मग वहिनींकडे बघितलं.

"दोन मिनिटं," असं म्हणून तो परत खिडकीत ठेवला.

वहिनी उकळणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. "साखर कुठंय?" एवढंच त्या म्हणाल्या.

चहा झाला. मलाही मिळाला. दोनमिनिट्यांनी सवयीप्रमाणे शेवटचा घोट कपात ठेवला. वहिनींनी तो कप उचलला, घोट पिऊन टाकला आणि कप विसळायला टाकला.

दुसऱ्या दिवशी बॅग गॅलरीत उलटी करून वाळत घातलेली दिसली. मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "काकडीचं पाणी सांडलं ना तिच्यावर. आता वाळायला वेळ लागेल." ऊन कडक होतं. बॅग अजून तिथेच आहे. एवढी सावकाश वाळणारी बॅग मी कधी पाहिली नव्हती.

किटली भावाने पाठवून दिली. पाटीवर चौथं अक्षर आलं आहे. शेगडीची एक बाजू पेटते. दुसरीकडे नुसतं भोक आहे आणि त्यावर वहिनी बशी झाकतात. तो दुसरा बर्नर खिडकीतच आहे, उलटा. वहिनी त्यात केसांच्या पिना ठेवतात.