अकरा नंबरचं मत

आर्नहेम या डच शहरात कुणाचं काम गेलं, कुणाचं भाडं तुंबलं, की लोक आधी श्रीधरचं दार वाजवायचे आणि मग खेमेंतेचं. खेमेंते म्हणजे तिथली नगरपालिका. इस्लामपुरात दत्ताच्या स्कूटर गॅरेजवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकावंच लागायचं. दत्ता स्वतः नववी पास, पण गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणार. धाकट्या श्रीधरला त्यानंच इंजिनियर केला, आणि असा भाऊ अख्ख्या तालुक्यात दुसरा नाही, हे त्याचं ठाम मत.

श्रीधर एका वीज कंपनीत कॉम्प्युटरवर होता. ते ऑफिस झाडायला मारित्सा यायची. कोलंबियाची, पन्नाशीची, आवाज खणखणीत. कोरोनात साहेब लोक घरून काम करायला लागले, पण झाडू काही घरून मारता येत नाही. मारित्सासकट तीसेक बायकांचं काम आठवड्याभरात गेलं. सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या, डच अर्ज बघूनच घाबरायच्या. बोलण्यापुरतं डच येणारी मारित्सा त्यांना गोळा करायची आणि श्रीधर लॅपटॉप घेऊन बसायचा. घरात जमायला बंदी, म्हणून मारित्साच्या बागेत, दीड-दीड मीटरवर खुर्च्या टाकून, हातमोजे घालून. मधे श्रीधरला स्वतःला कोरोना झाला, छाती कायमची अधू झाली. तरी दोन वर्षं हे चाललं.

मग एक दिवस मारित्सा म्हणाली, "अर्ज भरत किती दिवस बसायचं? हे जिथं ठरतं तिथं जाऊन बसू."

मार्च २०२२ मध्ये निवडणूक होती. एका छोट्या स्थानिक पक्षानं तिला यादीत अकरावा नंबर दिला. यादी भरायला श्रीधरचं नाव सातवं घातलं. पक्षाच्या एक-दोनच जागा येणार, त्या वरच्यांना मिळणार. पण खालच्या कुणाला स्वतःच्या नावावर चारशेच्या वर मतं पडली, तर तो वरच्याला ओलांडून आत जातो. मारित्साचा सगळा भरवसा त्यावर.

जानेवारीत दत्ता तीन महिन्यांसाठी भावाकडे आला. श्रीधर त्याला घरोघर फिरवायचा. पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी पोरांना माहीतच नव्हतं, की पाच वर्षं राहिलं की इथं नगरपालिकेचं मत मिळतं, पासपोर्ट कुठलाही असो.

"मतदानाचं पत्र येईल, रद्दीत टाकू नका," श्रीधर सांगायचा.

"म्हणजे लाल पेन्सिलीनं तुझ्या नावापुढचा गोल भरायचा ना?" प्रतीक नावाच्या पोरानं विचारलं.

"माझ्या नाही. अकरा नंबरच्या."

बाहेर आल्यावर दत्ता तडकला. "अरे, सातवा तू, अकरावी ती. वरच्यानं खालचीसाठी मतं मागायची? गावात सांगू काय मी?"

श्रीधर हसला, हसता हसता खोकला. "दादा, मी पडलो तर सोमवारी कामावर जाईन. ती पडली तर त्या बायकांचं तिथं कोण आहे?"

फेब्रुवारीत त्याला परत ताप आला. हॉस्पिटलात एकालाच सोडायचे, म्हणून त्याची बायको पद्मजा जायची. दत्ता घरी फोन धरून बसायचा.

"दादा, पत्रं आली की सगळ्यांना अकराची आठवण कर."

"तू आधी घरी ये रे."

तिसऱ्या दिवशी श्रीधर गेला.

पक्षाचा माणूस भेटायला आला, तेव्हा म्हणाला, याद्या पक्क्या झाल्यात, आता नाव निघत नाही. मतं पडली तर मोजलीही जातील. पद्मजानं हे मराठीत सांगितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दत्ता ताठ बसला. सरकारलासुद्धा माझ्या भावाचं नाव खोडता येत नाही! दुसऱ्या दिवसापासून तो श्रीधरचा फोटो घेऊन त्याच सगळ्या घरांत फिरला. "शेवटचं एक मत माझ्या भावाला." नाही कोण म्हणणार? इस्लामपुरात चौकात लावायला फ्लेक्सही सांगून ठेवला, मतांचा आकडा तेवढा मोकळा.

पद्मजाला हे प्रतीककडून कळलं.

"दादा, ते अकरा म्हणाले होते."

"त्या बाईला तिचे लोक देतीलच की. याला किती माणसं मानत होती, ते गावाला कळू दे."

मतदान तीन दिवस चाललं, गर्दी नको म्हणून.

नावानिशी आकडे आले. पद्मजा लॅपटॉपवर वाचत होती. "श्रीधर, एकसष्ट."

"एकसष्ट! मेलेल्या माणसाला!" दत्ताचे डोळे भरून आले. "आणि तिला?"

"तीनशे एकोणनव्वद. चारशे सात हवी होती."

दत्ताचं शिक्षण कमी, पण वजाबाकी येत होती. अठरा. त्यानं फोन उचलला आणि फ्लेक्सवाल्याला एवढंच सांगितलं, "लावू नको."

दोघं मारित्साकडे गेले. दत्तानं हात जोडून मराठीत सगळं सांगितलं. पद्मजा डचमध्ये सांगताना दोनदा थांबली. मारित्सानं कप खाली ठेवला.

"मी रागावले आहे," ती म्हणाली. "त्याच्यावरसुद्धा. गेला म्हणून." मग तिनं दत्ताच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

निघताना दत्ताला तिच्या सायकलची साखळी सैल दिसली. तो तिथंच खाली बसला. परतीच्या विमानाला बारा दिवस होते. बाराही दिवस तो त्या बागेत बायकांच्या सायकली दुरुस्त करत होता.

शेवटच्या दिवशी एक नवी बाई अर्ज घेऊन आली. श्रीधरला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं; तोंडावळा सारखा, म्हणून कागद त्याच्यापुढे धरला. "श्रीधर?"

दत्तानं हात पुसून कागद घेतला. वरपासून खालपर्यंत बघितला. एक अक्षर लागलं नाही. त्यानं मान हलवली, कागद नीट घडी करून तिला परत दिला, आणि तिची सायकल उलटी केली.